वाढत्या अंगाचं

टेलरबाईंच्या हाताला त्या भागात तोड नव्हती. पण त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या अंगावर बघावं, तर कपडे कसे? खांदा दंडावर उतरलेला, बाही बोटांपर्यंत, कंबर कुठेतरी मांडीजवळ. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार, दुसरं काय. टेलरबाई तोंडात टाचण्या धरूनच उत्तर द्यायच्या, "वाढत्या अंगाचं शिवलंय." आता वाढत्या अंगाचं कुठल्या घरात शिवत नाहीत? पोरं बघता बघता ताडमाड होतात, कापड काही रोज फुटत नाही. पण एखादं वर्ष ठीक आहे हो. ही पोर नऊ-दहाची होती तेव्हापासून चौदावं लागायला आलं, तरी एकदाही स्वतःच्या मापाच्या कपड्यात कोणाला दिसली नव्हती. का, ते कोणी विचारत नव्हतं. विचारायची गरज नाही असं सगळ्यांना वाटायचं.

कारण पुढच्या खोलीत उभं होतं. पुढची खोली म्हणजेच दुकान. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी उजेडाला शिलाई मशीन, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या पलीकडे कोपऱ्यात, चादरीखाली झाकलेला एक पुतळा. बिनडोक्याचा, बिनहातांचा, खाली एक लोखंडी दांडा. कपडे चढवून बघायला टेलर लोक ठेवतात तसला. चार वर्षांपूर्वी टेलरबाईंची थोरली मुलगी आजारी पडली, तेव्हा शाळेच्या कार्यक्रमासाठी तिचा फ्रॉक शिवायला घेतलेला होता. पोर अंथरुणातून उठेना, मग ट्रायल कोणावर घ्यायची? बाईंनी तिचं माप घेतलं आणि पुतळ्याला कापूस आणि अस्तराच्या पट्ट्या गुंडाळून हुबेहूब तिच्या अंगाचा केला. फ्रॉक पुतळ्यावर पुरा झाला. मुलगी मात्र तो घालायला राहिली नाही. तिला तेव्हा चौदावं सरत होतं.

घरात तिला मोठी म्हणायचे आणि हिला धाकटी. मोठी गेली तरी हाका बदलल्या नाहीत. धाकटी धाकटीच राहिली आणि पुतळा त्या फ्रॉकात, चादरीखाली, होता तिथे राहिला. बाबा बस चालवायचे. सकाळी अंधारात जायचे ते दिवेलागणीला यायचे. ते त्या कोपऱ्याकडे पाठ करून चहा प्यायचे. टेबलावर भरपूर जागा असली तरी खुर्ची वळवून घ्यायचे.

आणि मग धाकटीच्या अंगानं तिचं ऐकायचं सोडून दिलं. काल पायात जाणारे बूट आज चावायला लागले. कपाळावर पुटकुळ्या उठल्या. घामाला वास यायला लागला, तो आपलाच आहे हे कळायला तिला आठवडा गेला. छातीत दोन गाठी दुखायच्या. शाळेच्या जिन्यात कोणाचा कोपर लागला तर डोळ्यांत पाणी यायचं, आणि हे सांगायचं कोणाला? राग तर नाकाच्या शेंड्यावर. कोणी "जेवलीस का" म्हटलं तरी ती भडकायची आणि पाचव्या मिनिटाला त्याच माणसाच्या कुशीत शिरावंसं वाटायचं. ज्या फ्रॉकांत ती इतकी वर्षं हरवून जायची, त्या फ्रॉकांत ती सापडायला लागली.

"आई, या शिलाया टोचतात गं," ती एकदा म्हणाली. "एवढी माया कशाला ठेवतेस?"

टेलरच्या बोलण्यात माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढे कपडा घट्ट झाला की शिलाई उसवून तेवढा सैल करता येतो. गिऱ्हाइकाच्या कपड्याला आई बोटभर माया सोडायची. धाकटीच्या कपड्यांना चांगली चार बोटं. काखेत, कमरेत, सगळीकडे कापडाची जाड घडी.

"माया टोचायचीच," मशीनवरून मान न उचलता आई म्हणाली.

बाबा होते त्या दिवशी घरात. ते म्हणाले, "तुझ्या आईची सगळी माया आतल्या बाजूला. बाहेरून नुसती इस्त्री." आईसुद्धा हसली. तेवढ्यात धाकटीनं बोलून घेतलं, "मग माझं माप घे ना एकदा. नीट टेप लावून."

आईचं हसू गेलं. "तुझं माप माझ्या डोळ्यांत आहे," ती म्हणाली आणि पायडल जोरात मारायला लागली.

हे धाकटीला लागायचं. टेप दिवसभर आईच्या गळ्यात असायची. येईल त्या बाईच्या अंगाभोवती आई ती फिरवायची. खांद्याला हात लावायची, पाठ सरळ करायची, "श्वास सोडा, धरून ठेवू नका," असं किती मऊ आवाजात म्हणायची. परक्या बायकांना आईचा हात मिळायचा आणि आपल्या वाट्याला डोळे. तेही तिरके, दारातून आत येता येता एक नजर, की झालं माप. धाकटी अभ्यासाचं पुस्तक समोर धरून गिऱ्हाइकांचा हेवा करायची. वेडेपणा होता, पण हेवा काय विचारून येतो?

एक दिवस नर्सबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक, मनानं चांगल्या, पण जिभेला हाड नाही. धाकटी त्याच वेळी शाळेतून आली आणि दारात उजेडाच्या बाजूला उभी राहिली.

"अगं बाई!" नर्सबाईंनी छातीवर हात ठेवला. "मला वाटलं मोठीच आली."

आई टेबलावर कापड बेतत होती. तिची कात्री थांबली.

"नाही, खरंच," नर्सबाई आपल्या चालूच. "तीच मान, तेच खांदे. अंगानं भरली हो पोरगी! माप तर मोठीचंच आलं हिला. तो फ्रॉक आता हिला बेतल्यासारखा बसेल बघा."

"तो तिचा आहे," आई म्हणाली आणि कात्री चालवली. कापड वाकडं कापलं गेलं. आईच्या हातून कापड वाकडं गेलेलं धाकटीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नर्सबाईंनी विषय बदलला, मग छत्री विसरल्या, मग छत्री न्यायला परत आल्या आणि काही न बोलता गेल्या.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मोठी वाढत वाढत एका मापापर्यंत आली आणि संपली. ते माप कोपऱ्यात चादरीखाली उभं आहे. आणि आता माझं माप तेच होत चाललंय. म्हणजे? हसू नका. त्या वयात डोक्यात एक गोष्ट शिरली की ती आतून कडी लावून बसते. शिवाय तिच्याकडे पुरावा होता. आई सगळ्या जगाला टेप लावते आणि मला लावत नाही, का? कारण तिला ठाऊक आहे. माझे किती इंच उरलेत ते तिला बघवत नाही.

आई बटणं आणायला बाजारात गेली, त्या दुपारी धाकटीनं चादर उचलली. फ्रॉक फिक्या निळ्या रंगाचा, गळ्याला पांढरी पट्टी. तिनं रिळाचा दोरा पुतळ्याच्या छातीभोवती फिरवला, जिथे टोकं जुळली तिथे दातानं तोडला आणि तोच दोरा स्वतःभोवती धरला. टोकं एकमेकांवर चढली. दोन बोटं दोरा जास्तीचा होता.

दोन बोटं शिल्लक होती तर. तिनं दोरा कंपासपेटीत ठेवला, चादर नीट केली आणि बराच वेळ मोरीत जाऊन तोंड धूत राहिली.

मग सुरू झाला जिवाचा आटापिटा. ती जेवण अर्धं टाकायला लागली. खांदे पुढे घेऊन, पाठीला पोक काढून चालायला लागली. टेबलाखालच्या कातरणाच्या ढिगातून लांब पट्ट्या काढून त्या छातीभोवती करकचून बांधायची आणि वरून तो ढगळ फ्रॉक. दिवसभर श्वास वरच्यावर. वर्गात फळ्यावर गणित करताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी पट्टी काही सैल केली नाही. आणि अंग? पालथ्या घड्यावर पाणी. अंगाला जे करायचं तेच ते करत होतं. दोऱ्याची टोकं आधी दोन बोटं चढायची, मग एक बोट, आणि एका दुपारी ती नुसती एकमेकांना टेकली.

आई शेजारी फॉल लावलेली साडी द्यायला गेली होती. धाकटीला वाटलं, एकदा परत बघावं, आपल्या धरण्यात काही फरक असेल. तिनं चादर काढली आणि तोच दोरा पुतळ्याभोवती फिरवला.

टोकं जुळेनात. दोरा दोन बोटं कमी पडत होता.

तिनं परत लावला. ओढून लावला. दोरा तोच, कंपासपेटीतला, एका टोकाला तिच्याच दातांनी दबलेला. मग तिचं लक्ष फ्रॉकच्या बाजूच्या शिलाईकडे गेलं. शिलाई नवी होती आणि तिच्या आतल्या बाजूला जुन्या टाक्यांची बारीक भोकं ओळीनं दिसत होती. फ्रॉक सैल केला गेला होता. मोठी वाढत होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळू नये? पुतळा काय आपोआप वाढतो? कळतं हो. दुसऱ्याच्या घरातलं लगेच कळतं. आपल्या घरात, आपल्या पाठीमागे, आपल्या मेलेल्या बहिणीचा फ्रॉक भरत चाललेला असला, की मग बघू किती कळतं ते.

तिनं मैत्रिणीला सांगितलं. वर्गात तिला चष्मी म्हणायचे, आणि तिचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. चष्मी म्हणाली, "वाढतोय? मग त्याला जेवायला काय घालता?"

"थट्टा नाही गं."

"दोरा आटला असेल. भिजवलास का? माझा स्वेटर आटला तर आता तो आमच्या मांजराला होतो." मग धाकटीचा चेहरा बघून तिनं तिचा हात धरला. "बरं, नवा दोरा लाव. महिन्यानं परत बघ. आणि आधी ते छातीचं सोड, मरशील."

मरशील हा शब्द चष्मीनं आपला सहज वापरला. धाकटी मात्र घरी येईपर्यंत तोच घोकत होती.

नवा दोरा लावला. महिन्यानं तोही कमी पडला. धाकटी पुढे सरकली की मोठी सरकत होती, कायम तेवढीच दोन बोटं पुढे. एका अर्थी सुटका झाली म्हणायची. त्या मापाला आता ती पोचणारच नव्हती. पण जी मरूनही वाढते आहे, तिच्या मनात काय आहे, हे कोणाला विचारायचं? धाकटीला अभ्यासाला जागा ते टेबलच. भर दुपारी, रस्त्यावर लख्ख ऊन, फळवाल्याचं ओरडणं कानावर, आणि तिच्या पाठीवर शहारा. नव्या कापसाचा वास यायचा. पूर्वी जमिनीपर्यंत लोळणारी चादर आता वर उचलली गेली होती आणि खाली दांड्याचा पाय उघडा पडला होता. वही लिहिता लिहिता ती थांबायची. आपण थांबलो की मागेही काहीतरी थांबतं, असं वाटायचं. एकदा तिनं मागे न बघता हळूच विचारलं, "ताई, तुला काय पाहिजे?" रस्त्यावरून एक गाडी गेली आणि काच थरथरली, एवढंच. तेवढ्यानं ती पुस्तकं टाकून मागच्या दारानं अंगणात पळाली.

आईला विचारायचं धाडस नव्हतं. ताईचं नाव काढलं की आईचा चेहरा कुलूप लावल्यासारखा व्हायचा. आणि खरं सांगायचं तर, आईनं "हो, वाढतेय ती" म्हटलं असतं तर?

शेवटी अंगानंच ते कुलूप उघडलं. सुट्टीचा दिवस होता, बाबा कामावर. धाकटी स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या झग्याला हुक लावत होती. ओटीपोटात सकाळपासून कोणी पिळा घालत असल्यासारखं वाटत होतं. उठली आणि स्टुलावर डाग दिसला. शाळेत सगळं सांगून झालं होतं, चित्रांसकट. चष्मीची पाळी तर वर्षापूर्वीच सुरू झाली होती आणि तिनं खालच्या आवाजात बरंच ज्ञान पाजळलं होतं. तरी ते लाल बघितल्यावर धाकटीच्या मनात आलं ते एकच. झालं. माप पुरं झालं.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "मी मरतेय का गं?"

आईनं स्टूल बघितलं, तिला बघितलं आणि मशीन बंद केलं. "वेडाबाई," ती म्हणाली. "मरतंय कोण? चल आत." मग आई अगदी आईसारखी वागली. पॅड कसं लावायचं ते दाखवलं, धुतलेले कपडे काढून दिले, चहात आलं घालून दिला, गरम पाण्याची पिशवी पोटाशी ठेवली. छातीची पट्टी दिसली तेव्हा तिनं कात्रीनं ती काप-काप कापली आणि "हा काय कसायाचा उद्योग?" म्हणून ओरडली. लाल वळ उठले होते, त्यांवर तिनं खोबरेल लावलं. धाकटीला आईचा हात इतक्या दिवसांनी लागला होता की तिनं पोटदुखीसुद्धा चालवून घेतली असती, रोजची.

मग आई तिच्या केसांवरून हात फिरवत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मोठीला आली नव्हती."

आई उठली, "पड जरा," म्हणाली आणि दुकानात गेली. काचेच्या दाराचा पडदा ओढल्याचा आवाज आला. मग कात्रीचा. मग कापसाच्या पुड्याचा कागद फाटल्याचा.

धाकटी उठली आणि अनवाणी दारापर्यंत गेली.

चादर खाली पडली होती. फ्रॉक एका बाजूनं पूर्ण उसवलेला. आई गुडघ्यांवर बसून पुतळ्याच्या छातीवर कापसाचा थर चढवत होती, वरून पट्टी ओढत होती आणि दोन ओठांत टाचण्या धरून बोलत होती, त्याच मऊ आवाजात. "थांब गं. हलू नकोस. झालंच बघ. तुला नाही मागे राहू देणार."

"आई."

आईनं वळून बघितलं. मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि दंडावर बांधलेल्या छोट्या गादीत खोचल्या. एवढी सवय, की अशा वेळीसुद्धा टाचणी खाली टाकली नाही.

"तू वाढवतेस तिला?"

"पोट दुखत असेल तुझं. जा, पड."

"मी भीतीनं अर्धी झालेय आई! तू वाढवतेस तिला?"

"मग काय करू?" आईचा आवाज एकदम चढला. "मोठी आहे ती. तू पुढे गेलीस की ती धाकटी होईल. माझ्या डोळ्यांदेखत धाकटी होऊ देऊ तिला? आज तुला हे आलं. तिला कधी येणार नाही. तेवढं तरी..." ती थांबली. फ्रॉकची उसवलेली कड तिनं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि लहान मुलासारखा चेहरा केला. "यात माया उरली नाही. तिलाही वाढत्या अंगाचंच शिवलं होतं गं मी, भरपूर सोडली होती. सगळी संपली. आता पुढे नाही होत."

धाकटीला रडू आलं आणि त्याहून मोठा राग आला. "तिच्यासाठी सगळं! आणि मी? गल्लीतल्या बायांना टेप लावतेस. मी या घरात आहे की नाही? माझं माप कधी घेणार?"

"तुला टेप लावणार नाही मी."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"का पण?"

"कारण तिला लावली होती!" आई ओरडली. मग तिचा आवाज बसला. "अंथरुणात. निजलेली असताना. मला जिनं शिवण शिकवलं ना, त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उभ्या माणसाचं माप घ्यावं, फार तर बसलेल्याचं. निजलेल्याचं माप घेतात ते शेवटच्या कापडासाठी. हे मला माहीत होतं. पण तिला त्या फ्रॉकचा एवढा ध्यास. म्हणाली, आई, पडल्या पडल्याच घे की, कोण बघतंय? घेतलं मी. फ्रॉक झाला आणि ती गेली. याच हातांनी आणि याच टेपनं. परत तुझ्या अंगाला लावू होय ती?"

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. "मला वाटलं, तिचं माप आलं की मी पण मरणार," ती म्हणाली. "म्हणून पट्टी बांधत होते."

आई तिच्याकडे बघत राहिली. "मलाही तेच वाटत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तिला पुढे पुढे ढकलत होते. तू पोचूच नयेस तिच्यापर्यंत."

काय म्हणावं आता या दोघींना! एका छपराखाली, एका ताटाला ताट लावून जेवणाऱ्या, महिनोन् महिने एकच भीती उराशी घेऊन बसल्या होत्या आणि एकीनं दुसरीला ताकास तूर लागू दिली नाही. एकीनं स्वतःला आवळलं आणि दुसरीनं मेलेल्या पोरीला फुगवलं. एक शब्द बोलल्या असत्या तर.

धाकटी उठली. डोळे पुसले, खांदे मागे घेतले, पोक सोडलं. कितीतरी दिवसांनी ती तिच्या पूर्ण उंचीनं उभी राहिली, आणि पट्टी नव्हती त्यामुळे तिला स्वतःचाच श्वास मोठा वाटला.

"मी उभी आहे," ती म्हणाली. "बघ आई. निजलेली नाहीये मी. घे माप."

आई हलली नाही. धाकटीनं तिच्या गळ्यातली टेप काढली आणि तिच्या हातात दिली. आईच्या हातात टेपचं पितळी टोक धाकटीच्या बटणावर टकटक वाजत होतं. तिनं टेप धाकटीच्या पाठीमागून घेतली, पुढे आणली. वळांवर दुखू नये म्हणून बोटं मध्ये घातली. दोघींनीही श्वास धरला होता.

"श्वास सोड," आई म्हणाली. आणि आकडा बघितला. मग खांदा, कंबर, बाही. प्रत्येक आकडा तिनं मोठ्यानं म्हटला, गिऱ्हाइकासमोर म्हणते तसा. रस्त्यावर फळवाला ओरडत होता. काही झालं नाही.

"आणि तिचं?" धाकटीनं विचारलं. "खरं, पहिलं?"

आईनं लगेच सांगितलं. ते तिला विसरणं शक्य नव्हतं. धाकटीनं दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवले आणि तिला आधी खरंच वाटेना. पहिल्या दिवशी दोरा लावला तेव्हाच पुतळा भरलेला होता. ज्या मापाला ती एवढी घाबरत होती, ते ती कधीच ओलांडून आली होती. मागच्या उन्हाळ्यात असेल, कदाचित त्याच्याही आधी. खेळता खेळता, जेवता जेवता, काही न कळता.

"काढूया," ती म्हणाली. "मला बघायचंय."

आईनं नको म्हणून हात पुढे केला, पण अडवलं नाही. धाकटीनं फ्रॉक उतरवला. पट्टीचं टोक शोधून उलगडायला सुरुवात केली, तेव्हा आईही पलीकडून सोडवू लागली. नवा पांढरा कापूस निघाला. त्याखाली थोडा मळका. पट्टी, कापूस, परत पट्टी. प्रत्येक थराला आईचे बारीक कच्चे टाके, ते आईच उसवत होती. ढीग दोघींच्या गुडघ्यांपर्यंत आला. मग आईनं दांड्याचा खालचा स्क्रू फिरवला. उंचीही वाढवलेली होती तर. पुतळा हळूहळू खाली आला आणि थांबला. पिवळ्या पडलेल्या पहिल्या थराशी आई म्हणाली, "बस. ही ती."

धाकटी बघतच राहिली. तिच्या आठवणीतली ताई उंच होती. वरच्या फळीवरचं काहीही लागलं तर हाक ताईला. रस्ता ओलांडताना तिचा हात वरून यायचा. अंधाराला न घाबरणारी, सगळं माहीत असणारी, मोठी. समोर जी उभी होती तिचे खांदे वितीएवढे होते. छाती सपाट, मुलासारखी. कंबर दोन हातांच्या पंजांत मावली असती.

"आई," ती म्हणाली, "ही एवढीशी होती?"

आई ढिगात बसली होती, मांडीवर निळा फ्रॉक घेऊन. "एवढीशीच होती," ती म्हणाली. "लहान होती गं. लहान होती माझी मोठी." आणि चार वर्षांत धाकटीनं ऐकलं नव्हतं तसं आईनं रडायला सुरुवात केली.

धाकटीची भीती कुठे गेली ते तिला कळलंच नाही. एवढंच वाटलं की इतक्या लहान मुलीला एकटीला जावं लागलं. तिला ताईला जवळ घ्यायचं होतं. त्यासाठी तिला खाली वाकावं लागलं.